वस्तीतल्या वेगळ्या चुली

ऊसतोडीहून आम्ही गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचो. त्या वर्षी ट्रॅक्टरमधून उतरले, तर अख्ख्या वस्तीत एकाच घराच्या भिंतीवर चुन्याने आकडा मारलेला. मला वाटलं, पोलिओवाले येऊन गेले असतील. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना विचारलं, तर त्या कौतुकाने सांगायला लागल्या, "तळ्याचे सायेब आल्ते. लई चांगली माणसं. च्या पाजला त्यास्नी."

तळ्याचं कानावर होतं. ओढ्यावर साठवण तलाव व्हायचा होता आणि पाणी जिथं साठणार, नेमकी तिथंच आमची वस्ती होती. बरीचशी आम्हा बौद्धांची घरं, त्यांना लागून ऊसतोडीला जाणारी आणखी काही कुटुंबं. बुडणारी घरं मोजायला साहेब आले होते, आणि त्यांनी मोजलं एक घर.

अशी चूक आमच्याच हातून व्हावी. धडधाकट माणसं कारखान्याच्या उसाला गेली की वस्तीत उरायची ती म्हातारी. दुष्काळात सरपण नाही, आणि टँकर येईल तेव्हा खरा. म्हणून सगळे आपापल्या दाराला बाभळीची फांदी लावून विहाराशेजारच्या मोठ्या घरात जमायचे. हिवाळाभर एक चूल, एक तवा आणि दिवसभर गप्पा. साहेबाने विचारलं, राहता कुठं? सगळ्यांनी मान ताठ करून सांगितलं, "समदे हितंच. एका चुलीवर खातो आमी." साहेबाच्या हिशेबात एक चूल म्हणजे एक कुटुंब. बाकीची घरं त्याने पडीक धरली.

मी आत्याबाईंवर नको तेवढी ओरडले. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मग काय लबाड बोलायचं व्हतं का?" त्याचा मला आणखीच राग आला.

ग्रामसभेत मी पहिल्यांदा बोलायला उभी राहिले ती याच रागात. सोसायटीचे चेअरमन समजावणीच्या सुरात म्हणाले, "तळं झालं तर गावाचं भलं हाय. तुमी तर निम्मं साल गावात नसताच."

"गावात पाणी न्हाई म्हणून नसतो," मी म्हणाले. "पाणी आल्यावर कशाला जाऊ? पर तवा आमी ऱ्हायचं कुठं, तेवढं सांगा."

मागे कुणीतरी हसलं. चेअरमन हसले नाहीत. खरं तर पाणी नको असं आम्ही कधीच म्हटलं नव्हतं. टँकरपाशी सगळ्यात मागे घागरी असायच्या त्या आमच्याच. आमचं म्हणणं साधं होतं: तळ्याची भिंत वर माळाकडे सरकवा, तिथं गायरान आहे, कुणाचं घर बुडत नाही. पण वर पाणी कमी साठतं, असं ते म्हणायचे. एका घरासाठी इतकं पाणी कोण सोडणार?

केजच्या तहसिलीत खेटे घालून घालून वहाणा झिजल्या, तेव्हा पुन्हा मोजणी करायचं कबूल झालं. तीही हिवाळ्यात, म्हणजे आम्ही नसताना. विहारात बैठक बसली. कुणी म्हणालं, यंदा उसाला जायचंच नाही. मग खायचं काय, असं दुसऱ्याने विचारलं. शेवटी ठरलं, जायचं. पण मागे राहणाऱ्यांनी आपापल्या घरात, आपापल्या चुलीवर शिजवायचं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे दोघांची जोडी, म्हणून माझ्या नवऱ्याने आपल्या बहिणीला सोबत नेलं आणि मी मागे राहिले.

म्हाताऱ्यांनी मला शिव्याच घातल्या. "एकटीला घास उतरत न्हाई गं," असं एकजण रोज म्हणायची. मी पऱ्हाट्या, काटक्या गोळा करून घरोघर टाकायची. सकाळी उठलं की आधी छपरं बघायची. जिथं धूर दिसला नाही, तिथं जाऊन दार वाजवायची. त्या हिवाळ्यात माझ्याइतकं नकोसं माणूस वस्तीत दुसरं नसेल. पण मी हटले नाही.

जीप आली ती सकाळीच. तेच साहेब होते. ओढ्याच्या वळणावर उतरले आणि उभेच राहिले, कारण एकूण एक छपरातून धूर निघत होता. मग घरोघर फिरले. प्रत्येक घरात आत जाऊन बघत होते. शेवटच्या घरात एक म्हातारबाबा एकटेच राहायचे. चुलीवर पातेलं उकळत होतं. साहेबांनी झाकण उचललं, तर आत नुसतं पाणी.

"बाबा, शिजतंय काय?"

"पीठ सरलंय, सायेब. पर घर माजंच हाय."

साहेब बाहेर आले आणि चुन्याचा डबा धरलेल्या माणसाला म्हणाले, "इथंही आकडा टाक." माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

पुढे मोर्चे झाले, केजला उन्हात बसणं झालं, पण एवढी घरं बुडवून सगळ्यांना भरपाई देणं त्यांना परवडणारं नव्हतं. भिंत वर माळाकडे गेली. तळं पहिल्यांदा भरलं त्या वर्षी मी आत्याबाईंना म्हणाले, "आता जावा की जेवायला सगळ्यांत."

"जाते. आदी माजी चूल पेटवते," त्या म्हणाल्या. "तळं वर गेलं म्हणून सायेब यायचा ऱ्हाईल व्हय?"

शेवटपर्यंत त्यांनी तसंच केलं. आधी स्वतःच्या चुलीत जाळ, मग सगळ्यांसोबत भाकरी. मी हसायची त्यांना.

परवा गावात ऐकलं, तळं अपुरं पडतंय, वस्तीच्या खाली ओढ्यावर दुसरी भिंत घालणार आहेत. मुलगा आणि सून उसाला गेलेत. घरात गॅस आहे. तरी सकाळी उठून मी अंगणात, ओढ्याच्या वळणावरून दिसेल अशा जागी, चूल मांडली आणि पेटवली.