मान खाली घाल, दाऊद

हे मी आजवर कुणाला बोललो नाही — बायकोलाही नाही. तुला सांगतोय, पण माझ्याकडून रडगाणं ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नकोस.

साठच्या दशकातली गोष्ट. दुबईत खाडीकाठी आमचं बांधकाम चालू होतं, वरचा साहेब जर्मन. मी त्याचा दुभाष्या, शिवाय जनरेटरही माझ्याच अंगावर. साहेबाची रीत मी लवकर ओळखली — हात घट्ट दाबायचा, डोळ्यांत बघायचं, मोजकं बोलायचं. नजर चुकवली की तो समजायचा, हा खोटारडा. आमच्या रत्नागिरीकडे मोठ्यांच्या डोळ्यांत बघणं म्हणजे बेअदबी. तिकडून आलेल्या प्रत्येकाची ती सवय मीच मोडायचो.

दाऊद माझा धाकटा चुलतभाऊ, नुकताच आलेला. मीच आणला होता. गावी म्हातारी आई, लग्नाच्या दोन बहिणी — सगळ्यांची मदार त्याच्या नोकरीवर.

एका सकाळी जनरेटर जॅम झाला. ऑइल घालायचं कोण विसरलं? मी. पण ड्युटीवर दाऊदही होता, म्हणून साहेबाने दोघांनाही बोलावलं. दाराशी दाऊद हळूच विचारतो, "भाई, साहेबासमोर कसा उभा राहू?"

मी काय सांगितलं असेल?

"अब्बांसमोर राहायचास तसा. मान खाली घाल."

तो तसाच उभा राहिला. खरं तेच बोलला — जमिनीकडे बघत. त्याचं बोलणं मीच इंग्रजीत सांगितलं, एक शब्दही बदलला नाही. गरजच पडली नाही. मग साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवून मी माझं धडधडीत खोटं सांगितलं — ऑइल घालायचं दाऊद विसरला. खलास. पुढच्या बोटीने दाऊद घरी गेला.

घाबरलो होतो का? हो. पण भीतीने तोंडून निघून गेलं, असं म्हणणार नाही — पूर्ण शुद्धीत, विचार करून बोललो. पुढे त्याच साहेबाने मला फोरमन केलं, तेही मी तोंड वर करून घेतलं. शरमेने मेलो नाही. जेवलो, झोपलो, पोरं वाढवली.

दाऊद दुसऱ्यांच्या होड्यांवर राबला. बहिणींची लग्नं उशिरा झाली, धाकटीचं झालंच नाही. मी सुट्टीत गावी गेलो की तो भेटायला येतो. अजूनही माझ्यासमोर मान खाली घालूनच उभा राहतो — मी मोठा ना.

आणि मी? मी त्याच्याकडे सरळ बघतो.