जानराव मास्तरांनी बाद केलेलं चित्र

जानराव मास्तर मुंबईची चित्रकलेची परीक्षा पास झालेले होते, आणि ही गोष्ट ते अमरावतीत कुणाला विसरू देत नसत. पंचवीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. घरी जलरंगात देवळं काढायची, कमानी काढायच्या. सगळं रेखीव, मापात. बघणारे "छान" म्हणत, चहा पीत आणि निघून जात.

अठ्ठावन्न साली गावात चित्रांचं प्रदर्शन ठरलं. निवड करायला मास्तरांना बोलावलं. चित्रं चाळताचाळता एकापाशी त्यांचा हात थांबला. जवाहर गेटच्या आतली सकाळची गल्ली. टांग्याचं घोडं पेंगत उभं, संत्र्यांच्या टोपलीपाशी दोन बाया भावावरून हुज्जत घालताहेत, एक म्हातारा ओट्यावर बसून दाढी करवून घेतोय. उन्हाच्या जागी रंगच नव्हता. कागद कोरा सोडलेला, आणि तोच झगझगत होता. मास्तरांना ते ऊन उभ्या जन्मात साधलं नव्हतं.

खाली नाव वलीचं. राजापेठेत दुकानांच्या पाट्या रंगवणारा वली! मास्तरांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'पर्स्पेक्टिव्ह चुकीचं, जवळ-दूरचं माप नाही', आणि चित्र बाद केलं.

महिन्याभरानं वली दारात उभा.

"मास्तर, तुमचा शेरा वाचला. पुस्तक मागून आणलं, पट्टी लावून तीच गल्ली पुन्हा काढली. आता जमलं का, सांगा."

मास्तरांनी पाहिलं. भिंती सरळ, घोडं ताठ, माणसं लाकडी. थेट त्यांच्या स्वतःच्या चित्रांसारखं. क्षणभर त्यांना गार वाटलं. मग त्यांनी विचारलं, "अन् पयलं कुठं हाय?"

"त्याच्याच मांगं. असा जाड कागद मले दुसरा कुठून भेटते?"

मास्तरांनी कागद उलटला. ऊन होतं तसंच होतं. पण मागच्या रंगाची ओल झिरपून एका बाईचा चेहरा पार विस्कटला होता.

"वली, तुह्यं काई चुकलं नव्हतं."

"मंग काहून बाद केलं?"

"मले असं काढता येत नाई, म्हणून."

"मी तुमाले गुरू मानून हे खराब केलं, मास्तर," वली एवढंच म्हणाला. कागद तिथंच ठेवून तो पायऱ्या उतरला. पुढच्या वर्षी तो अकोल्याला गेला आणि सिनेमाचे बोर्ड रंगवू लागला. जलरंग त्यानं पुन्हा हाती धरल्याचं कानावर आलं नाही.

मास्तरांनी ते चित्र, आधी काढलेली बाजू दर्शनी ठेवून, शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये लावलं. येणारा जाणारा त्यापुढेच थबके आणि विचारी, "मास्तर, हे तुमचं का?"

"नाही. वली पेंटरचं," मास्तर सांगत. निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले, आणि दर वेळी ते पहिल्याइतकंच झोंबे.