पाडवा ते पाडवा

हिशेबाचे नियम बदलतात तेव्हा युग बदलते, असे पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी आमच्या बुलढाण्याच्या डाळ कंपनीत पडद्यावर बाण दाखवत सांगितले. येत्या वर्षापासून भाड्याचे प्रत्येक गोदाम ताळेबंदात घ्यायचे होते. बारा महिन्यांपर्यंतच्या करारांना तेवढी सूट होती. आमची गोदामे अकरा. त्यांच्यासाठी महागडे सॉफ्टवेअर येणार आणि ते पुण्यातून चालणार, म्हणजे माझा हिशेब विभाग बंद होणार.

कराराची मुदत विचारायला मी सल्लागारांना धाड गावच्या आमच्या गोदामावर नेले. तिथले मालक म्हणाले, "पाडवा ते पाडवा."

"आणि त्यानंतर?" सल्लागारांनी विचारले.

"त्यानंतर काय? पाडव्याले गोदाम खाली, किल्ली माह्या हातात. मंग नारळ फोडतो अन् भाव नव्यानं ठरवतो. पटलं तं ठेवा, नाही तं दुसरं पाहा. काऊन, तुमच्या पुण्यात पाडवा येत नाही काय?"

अकराही मालकांची हीच रीत निघाली. वर्षापलीकडे एकही गोदाम आमचे नव्हतेच. सॉफ्टवेअर टळले, माझा विभाग वाचला आणि साहेबांनी पेढे वाटले. सल्लागारांनीही दोन खाल्ले.

नवे करार टाइप करताना मी सहज पंचांग उघडले. त्या वर्षात अधिक महिना होता. पाडवा ते पाडवा तेरा महिने भरत होते. मी पुन्हा धाड गावी गेलो.

"नारळच फोडाचा ना सायेब?" मालक म्हणाले. "तुमी म्हनान तवा फोडू."

बाकीचे दहाही कबूल झाले. त्या खेपेला आमच्या गोदामांचा पाडवा होळीच्या आधी झाला.