सामाईक विहिरीचं उदाहरण

चोपड्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात योगराज सर केमिस्ट्री शिकवतात, आणि सहसंयुज बंध आला की ते विहिरीवर येतात. दोन भावांत शेत वाटलं जातं, विहीर वाटली जात नाही. सातबाऱ्यावर ती दोघांच्याही नावे लागते. हायड्रोजनचे दोन अणू तसेच. प्रत्येकाजवळ एकच इलेक्ट्रॉन. दोघं आपापला मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघंही आपलीच म्हणून धरतात. जुने विद्यार्थी लग्नकार्यात भेटले तरी याच उदाहरणाची आठवण काढतात. सरांना ते आवडतं.

सरांचीही गावाकडे अशी विहीर आहे, थोरला भाऊ झुलाल याच्याबरोबर. तिथल्या मोटारीच्या स्टार्टरपेटीला उन्हाळ्यापासून कुलूप आहे आणि चावी सरांकडे. पाळ्या ठरलेल्या आहेत. फक्त झुलालची पाळी आली की सरांना नेमकी कॉलेजात मीटिंग असते. शास्त्र वेगळं, शेती वेगळी, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

यंदा झुलालची सरिता अकरावीला त्यांच्याच वर्गात आली. घरी काका, वर्गात सर.

हायड्रोजन निर्धास्त पार पडला. दुसऱ्या दिवशी हायड्रोजन क्लोराइड होतं. इथंही जोडी सामाईकच, पण क्लोरिन ती आपल्याकडे ओढून धरतो. सरांनी फळ्यावर दोन ठिपके क्लोरिनला अगदी खेटून काढले. मागच्या बाकावर सरांच्याच गावचा निंबा बसला होता.

"सर, जोडी दोन्हीसनी शे ना? मंग एकच का वढस?"

"त्याचा स्वभाव आहे तो," सर म्हणाले.

"मंग हायड्रोजननी काय करानं?"

वर्ग हसला. गावाकडची पोरं जरा जास्तच हसली. सरिता तेवढी हसली नाही. उठून उभी राहिली आणि वहीकडे बघत म्हणाली, "सर, क्लोरिनची इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी जास्त असते, म्हणून."

उत्तर बरोबर होतं. घरची केळी पाण्यावाचून माना टाकून उभी, आणि पोरगी काकाची अब्रू सांभाळत होती. सरांचे कान तापले. "बस," एवढंच ते म्हणाले, तेही फळ्याकडे तोंड करून. मग खडू पडला. तो उचलायला वाकलेले सर गरजेपेक्षा बराच वेळ वाकलेले राहिले.

संध्याकाळी ते विहिरीवर गेले. झुलाल बांधावर बसला होता.

"आज मीटिंग नही का?"

"भाऊ, ही चावी तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे."

झुलालनं चावीकडे बघितलं, हात पुढे केला नाही. "पोर काही बोलनी का तुले?"

"नही."

"मंग?"

ती बोलली असती, तर सर तिच्यावर रागावून मोकळे झाले असते. इथवर आलेच नसते. त्यांनी कुलूप काढलं आणि चावीसकट झुलालच्या शेजारी बांधावर ठेवलं.

"आज पाळी कोनी शे?" झुलालनं विचारलं.

झुलालला ते चांगलं ठाऊक होतं. त्याला ते सरांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तुन्ही," सर म्हणाले, खाली बघून.