दहावर काट, वर पंधरा

हॉस्पिटलात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. सगळ्यांसाठी ते ‘कितीजण’ होते. कॅन्टीनचा चहा बिघडलाय अशी तक्रार झाली, तरी ते मान वर न करता विचारायचे, “किती जणांना वाटलं?” नर्सेस पाठीमागे हसायच्या, कधी तोंडावरही. ते मनावर घेत नसत. नवा उपचार जुन्यापेक्षा बरा आहे का, हे ठरवायला किती रुग्ण तपासावे लागतील, हे सांगणं हेच त्यांचं तीस वर्षांचं काम होतं.

त्यांची एक पद्धत होती. आलेल्या डॉक्टरपुढे ते एक चिठ्ठी सरकवायचे आणि दोन आकडे स्वतःच्या हातानं लिहायला लावायचे. आज शंभरातल्या किती जणांना त्रास होतो? आणि त्यातले कमीत कमी किती सुटले तर तुम्ही नवा उपचार वापराल? फरक जितका लहान, तितके रुग्ण जास्त लागतात. कमी घेतले, तर फरक खरा असूनही हातातून निसटतो. चिठ्ठ्या ते खणात जपून ठेवत.

चार वर्षांपूर्वी मुख्य सर्जन आले. पोटाच्या ऑपरेशननंतर शंभरातल्या तीस जखमा पिकत होत्या. ऑपरेशन चालू असताना अंग गार पडू नये म्हणून रुग्णावर यंत्रानं गरम हवा भरलेलं पांघरूण घातलं तर त्या कमी होतील का, हे त्यांना पाहायचं होतं. दुसरा आकडा त्यांनी दहा लिहिला, म्हणजे तिसावरून वीस. कितीजणांनी हिशेब केला. पांघरुणासह जवळजवळ तीनशे रुग्ण लागत होते, पांघरुणाविना तेवढेच. सर्जन म्हणाले, यंत्रं वर्षभरासाठीच मिळालीत आणि वर्षात अडीचशेच्या वर ऑपरेशनं होत नाहीत. मग त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली, दहावर काट मारली आणि वर पंधरा लिहिलं. आता प्रत्येक गटात एकशेवीस पुरत होते.

“हे उलटं झालं, साहेब,” कितीजण म्हणाले. “आधी रुग्ण ठरवले, मग त्यांना बसेल असा फरक शोधला.”

“मग काय, करूच नको? काहीच नसण्यापेक्षा बरं.”

फरक खरोखर दहाचाच असला, तर एवढ्या रुग्णांत तो सापडायची शक्यता शंभरात त्रेचाळीस, नाणं उडवण्यापेक्षाही कमी. हे कितीजणांनी मनातल्या मनात मोजलं. चिठ्ठीवर सही केली.

वर्षानं निकाल आला. पांघरुणाविना छत्तीस जखमा पिकल्या होत्या, पांघरुणासह पंचवीस. एकशेवीसांत एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो, म्हणून अहवालात ‘फायदा सिद्ध झाला नाही’ असं लिहिलं गेलं. व्यवस्थापनानं ते ‘फायदा नाही’ असं वाचलं आणि यंत्रं परत पाठवली. या दोन गोष्टी एक नव्हेत, असं पत्र कितीजणांनी लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यांनी दुसरं लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्या बायकोच्या आतड्याचं ऑपरेशन झालं, त्याच थिएटरात, त्याच सर्जनच्या हातून. शुद्धीवर आल्यावर ती पहिल्यांदा बोलली ते एवढंच, “केवढी थंडी होती हो आत.” त्यांनी तिच्या अंगावर दोन चादरी घातल्या. पाचव्या दिवशी जखम पिकली. एकविसाव्या दिवशी ती गेली.

महिन्याभरानं त्यांनी ती चिठ्ठी घरी आणली, मुलीपुढे जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. काट मारलेला दहा मुलीनं बराच वेळ पाहिला. पांघरूण असतं तर आई वाचली असती का, असं तिनं विचारलं.

“एकीवरून सांगता येत नाही, बाळा.”

“मग किती जणी लागतील, बाबा?”

तिनं आवाज चढवला नव्हता. आकडा त्यांना पाठ होता. त्यांनी टेबलावरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

ते अजून कामाला जातात, चिठ्ठ्याही लिहून घेतात. कॅन्टीनचा चहा अधूनमधून बिघडतोच. कोणीतरी तक्रार करतं आणि बाकीचे सवयीनं त्यांच्याकडे बघतात. ते उरलेला चहा पिऊन टाकतात आणि कप धुवायच्या कपांत ठेवून वर जातात.