आकार नाकारला, आकडा घेतला

वडिवळ्याच्या रखमाजींची सारिका काय काम करते, हे गावात कुणाला विचारायला जाऊ नका. एक म्हणेल कॉम्प्युटर, दुसरा म्हणेल मोबाइल, आणि तिची आई शालूबाई तर ठोकूनच देईल, "तळेगावला सायबीण हाय!" खरं सांगायचं तर सारिका कर्नेलवर काम करते. कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, ती लहान पानांनी, म्हणजे तुकड्यांनी, वाटायची की मोठ्या, सगळं त्याच्या हातात. हा कारभारी जगभरची माणसं मिळून लिहितात, कुणालाही वाचायला मोकळा. आणि आमची बया तो वाचायला बसली, की ताटातलं कालवण गार होऊन त्यावर साय धरली तरी तिला पत्ता नसतो.

तिची कंपनी छोटीशी. घाटातल्या दरडींवर कॅमेऱ्यानं नजर ठेवणाऱ्या पेट्या तिथं बनतात. वर दगड हलला की खाली रस्त्यावर भोंगा वाजतो. धाकटा भाऊ संदेश तिथंच, पेट्या खांबावर बसवायच्या कामाला. सारिकानंच शब्द टाकून लावलेला, त्यामुळे त्याचं बरंवाईट तिच्या जिवाला लागायचं.

तर झालं काय, नव्या खेपेतल्या पेट्या खंडाळ्याच्या वर बसवल्या आणि एकेक करून मेल्या. चालू करावी, पडद्यावर चार ओळी याव्यात, की खेळ खलास! ऑफिसातल्या जुन्या पेट्यांवर मात्र तोच प्रोग्रॅम ठणठणीत. मालक गंगाधरराव लोणावळ्याचे. माणूस वाईट नाही हो, पण डोकं तापलं की समोर कोण आहे ते बघत नाहीत.

"ऑफिसात चालतंय आणि डोंगरावर मरतंय, म्हणजे मधे काय होतं? मधे हा होतो!" त्यांनी सगळ्यांदेखत संदेशकडे बोट दाखवलं. "आपटत नेतोस का रे बाइकवरून? सोमवारपर्यंत बघतो, नाहीतर दुसरीकडे नोकरी शोध. आणि तोवर खांबाला हात लावायचा नाही."

संदेशचं तोंड एवढंसं झालं. "सायेब, आईशप्पत न्हाई आपटली. मरायच्या आदी ती सांगती, पानाचा ह्यो आकार चालत न्हाई म्हणून. मी बगितलंय."

"ती नुसती सूचना असते रे," सारिका म्हणून गेली, आणि भावाच्या चेहऱ्याकडे बघून तिनं जीभ चावली. सूचनेनं मशीन मरत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण मग मरतं कशानं? हे आपल्याला उमगू नये, ह्याचा तिला स्वतःचाच राग आला. तिनं एक मेलेली पेटी काखोटीला मारली आणि घरी आणली.

शनिवारी सकाळी पडवीत तिनं पेटी मांडली. संदेश गोठ्यात जाऊन बसलेला, चहालासुद्धा येईना. सारिकानं कर्नेलचा पानांची पाटीलकी करणारा भाग उघडला आणि ओळ न ओळ वाचायला घेतली.

कर्नेलला सुरू होतानाच एका ओळीत हुकूम द्यायचा असतो. आधी पानाचा आकार, मग आकडा. ह्या पेटीला हुकूम होता, चौसष्ट केबीची पानं, चार हजार. जुन्या पेट्यांना तो आकार चालायचा. नव्या खेपेतली चिप वेगळी, तिला तो चालेना. कर्नेलनं प्रामाणिकपणे सांगितलं, हा आकार चालत नाही. इथवर सगळं बरोबर. मग तो पुढं सरकला आणि त्याला आकडा दिसला, चार हजार. कसले चार हजार? विचारतोय कोण! गड्यानं स्वतःची नेहमीची दोन एमबीची, म्हणजे बत्तीसपट मोठी पानं काढली आणि चार हजार करायला बसला. एवढी मेमरी पेटीत आहे कुठं? होती नव्हती ती सगळी ह्यातच संपली, आणि बाकीच्या प्रोग्रॅमांचा श्वास कोंडला.

"अगं आई गं! सापडलं! सापडलं!" सारिका अशी ओरडली, की अंगणातल्या कोंबड्या फडफडत पळाल्या. शालूबाई हातातलं सूप घेऊनच बाहेर आली.

"काय गं, इंचू चावला का काय?"

"आई, समज, तू कामशेतच्या दुकानदाराला सांगितलंस, मसाल्याचे बारके पुडे दे, चाळीस. त्यो म्हणला, बारके न्हाईत. मग?"

"मग काय, ऱ्हाऊ दे म्हणंन."

"तू तोंड उघडायच्या आत त्यानं चाळीस पोती आणून उतरवली!"

"मुडदा बशिवला त्याचा! घरात पाय ठेवाया जागा तरी ऱ्हाईल का?"

"न्हाईच ऱ्हायली! म्हणून तर पेटी मेली!"

दुरुस्ती म्हणाल तर मोजक्या ओळींची. न चालणारा आकार आला की खूण करून ठेवायची, आणि चालणारा आकार येईपर्यंत मागून आलेल्या आकड्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. सारिकानं ती तिथल्या तिथं लिहिली. पेटी सुरू केली. सूचना आली, आणि पुढं? पुढं पेटी चालतच राहिली! ती धावत गोठ्यात गेली आणि संदेशचा कान धरून त्याला पडवीत आणलं.

"बघ! तुझं खरं होतं. माझं चुकलं."

तिनं तिथंच बसून दुरुस्ती कर्नेलच्या जगभरच्या मंडळींना पाठवून दिली. त्या मंडळींची एक रीत आहे. ज्यानं खोट दाखवून दिली, त्याचं नाव दुरुस्तीखाली लिहायचं, मग त्यानं कोडची एक ओळ लिहिलेली नसली तरी चालेल. सारिकानं लिहिलं, कळवणारा: संदेश.

सोमवारी गंगाधररावांनी टेबलावरची चालती पेटी बघितली आणि सारिकाची पाठ थोपटली. दुरुस्तीखालचं नाव बघून मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ह्याचं नाव कशाला? आणि टेबलावर काय, काहीही चालतं. डोंगरावर चालू दे, मग बघू. दुसऱ्या कुणाला तरी चढवा, हा नको."

सारिका काही बोलणार, तेवढ्यात दुरुस्तीला उत्तर आलं. कर्नेलमधला मेमरीचा तो भाग सांभाळणारे गृहस्थ कुठल्या तरी लांबच्या देशातले, त्यांनी लिहिलं होतं की दुरुस्ती बरोबर दिसते. 'पण कर्नेलमध्ये घेण्याआधी, ज्यानं ही खोट कळवली त्या संदेशनं ती त्याच मशीनवर, त्याच जागी चालवून बघावी. त्याचा शब्द आला की घेतो.'

"मी सांगतो ना चालली म्हणून! मालक आहे मी!" गंगाधरराव म्हणाले.

"तुमचं चालत नाही, साहेब," सारिकाला हसू आवरेना. "त्यांना संदेशचाच शब्द पाहिजे."

गंगाधररावांनी ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. मग उठले, स्वतः गाडी काढली, टपावर शिडी बांधली. उर्शाचा टोलनाका मागं टाकून गाडी खंडाळ्याकडे निघाली. पुढच्या सीटवर संदेश अवघडून बसलेला, मागं सारिका सारखी एकच गोष्ट घोकत होती. टेबलावर चाललेली डोंगरावर नाही चालली तर? मग पोराला कोण वाचवणार?

दुरुस्त केलेली पेटी घेऊन संदेश खांबावर चढला आणि ती बसवली. पेटी सुरू केली. खालून दोघं माना वर करून बघत उभे.

"आली सूचना!" तो ओरडला. सारिकानं डोळे मिटून घेतले. "आन चालली! ताई, चालली गं! दरड दिसतीया!"

सारिका रस्त्याच्या कडेला चक्क उड्या मारायला लागली. "पाठवू का रे मग तुझा शब्द?"

"थांब," वरून आवाज आला. "परत बंद करून बगतो. दोनदा बगतो. माज्या शब्दावर घेणार म्हणत्यात, उगं घाईत कसं सांगू? सायेब, थोडा येळ लागंल."

"लागू दे," गंगाधरराव म्हणाले. "चुकलो रे मी, संदेश. तू सावकाश बघ. शिडी मी धरलीय."