बोट उचलल्याची खबर

चांगदेव खताच्या कारखान्यात एकतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. बटणावर जे लिहिलंय तेच बटणाने केलं पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट. ते निवृत्त होऊन थळच्या घरी बसले, तेव्हा मुलगी प्राची पनवेलहून आपला जुना लॅपटॉप घेऊन आली. त्यात तिने फुकट मिळणारी, ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती.

लॅपटॉप उत्तम चालायचा. फक्त उजेड कमी करायचं बटण एकदा दाबलं, की स्क्रीन उतरत उतरत पार काळवंडायचा. वाढवायचं दाबलं, की डोळे दिपायचे. मधलं काही नाही.

"माऊसने होतं की कमीजास्त, बाबा," प्राची म्हणाली.

"मग बटण कशाला दिलंय?"

ती गेल्यावर चांगदेवांनी वही काढली. इंटरनेटवर वाचून त्यांना समजलं, की बटण दाबलं की सिस्टिमला एक नंबर जातो, सोडलं की दुसरा. ते नंबर दाखवणारी कमांड चालवून त्यांनी एकेक बटण तपासायला घेतलं. पण उजेडाचं बटण दाबलं, की दिवसाढवळ्या स्क्रीनवरचं काही दिसेना. मग ते लॅपटॉप घेऊन अंधाऱ्या मोरीत शिरले आणि दार लावून घेतलं; तिथे पुसट अक्षरं तरी दिसत.

"अवो, मोरीत काय चाललंय?" बाहेरून नीराबाईंनी, त्यांच्या बायकोने, विचारलं.

"वाचतोय."

"वाचाया ओटी हाय ना!"

चौथ्या दिवशी उलगडा झाला. ती दोन बटणं दाबल्याचं कळवत होती, सोडल्याचं कळवतच नव्हती. माणसाने बोट अजून उचललेलंच नाही, असं सिस्टिम धरून चालली होती.

चांगदेवांनी सिस्टिम लिहिणाऱ्यांना पत्र धाडलं. इंग्रजी कारखान्यातल्या लॉगबुकासारखं : बटण, नंबर, वेळ, निरीक्षण. आठवड्याने एका परदेशी माणसाचं उत्तर आलं. अशी खोड असलेल्या लॅपटॉपांची सिस्टिममध्ये यादीच असते. त्यात तुमचं मॉडेल घालतो, म्हणजे बोट उचललं असं सिस्टिमच समजून घेईल. दुरुस्तीखाली तुमचं नाव देऊ का?

चांगदेवांनी बायकोला विचारलं.

"कशाखाली नाव?"

"बटणाच्या दुरुस्तीखाली."

"द्या की. कोण वाचतंय!"

नवी आवृत्ती यायला चार महिने लागले. आली त्या दुपारी चांगदेवांनी बटण दाबलं. उजेड एक पायरी उतरला आणि थांबला. ते तसेच तळापर्यंत गेले, मग एकेक पायरी वर आले. पुन्हा खाली गेले.

"झाला का बरा?" नीराबाई म्हणाल्या.

"झाला. बारा पायऱ्या आहेत."

"मंग जेवाया चला. आमटी निवली."

"आलो," ते म्हणाले, आणि आणखी एकदा वर जाऊन आले.